घड्याळाशी एकट्याची झुंज : १८८९ पासून चालत आलेली शंभर मैलांची सायकल शर्यत

वाशिमहून सायकल काढायची, अकोल्याला जायचं आणि तसंच परत फिरायचं. अंतर साधारण १६० किलोमीटर. एसटीनं केलं तरी अर्धा दिवस मोडतो. आता हेच अंतर सायकलवर, एकट्यानं, कुणाच्याही मागे न लपता, चार-साडेचार तासांत कापायचं. वाटेत चहा नाही, गप्पा नाहीत, शेजारी कुणी स्पर्धकही नाही. समोर फक्त रस्ता आणि डोक्यात घड्याळ.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचा एक सायकल क्लब नेमकी एवढ्याच अंतराची शर्यत भरवत आलाय. १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर. शर्यतीचं नाव ‘अँफिल्ड हंड्रेड’. ती पहिल्यांदा झाली १८८९ साली. म्हणजे ज्या साली पंडित नेहरूंचा जन्म झाला, त्या साली.

मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, रस्त्यावर मोटारी आल्या, सायकलीचं रूप ओळखू येणार नाही इतकं पालटलं. तरी क्लबही आहे आणि शर्यतही आहे. सवाल असा की, ना मोठं बक्षीस, ना टीव्ही, ना स्टेडियम, मग ही शर्यत इतकी वर्षं टिकली कशी? आणि रिसोड तालुक्यातल्या रिठदमध्ये बसून हे वाचणाऱ्याला त्याचं काय?

आधी समजून घेऊ, टाइम ट्रायल म्हणजे काय?

सायकल शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे शर्यत येते. सगळे एकदम सुटतात, घोळका करून पळतात, घाटात कुणीतरी पुढे निसटतो, ‘घाटाचा राजा’ ठरतो आणि शेवटी जो आधी पोचेल तो जिंकतो.

टाइम ट्रायलचं गणित वेगळं आहे. इथं स्पर्धक एकेक करून सुटतात. बहुतेक वेळा दोघांमध्ये एक मिनिटाचं अंतर असतं. सुरुवातीच्या रेषेवर एक जण सायकल मागून धरून ठेवतो, म्हणजे स्पर्धकाला दोन्ही पाय पेडलवर ठेवता येतात. वेळ मोजणारा पाच, चार, तीन, दोन, एक असं मोजतो आणि गडी सुटतो. मिनिटाभरानं दुसरा. मग तिसरा.

यात जो आधी पोचतो तो जिंकेलच असं नाही. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकतो. सातव्या क्रमांकावर सुटलेला स्पर्धक तुमच्या आधी शेवटच्या रेषेवर दिसला, तरी शर्यत तुम्ही जिंकलेली असू शकते. म्हणून निकाल डोळ्यांना दिसत नाही, तो वहीत असतो.

आणि एक नियम सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायची नाही. पुढच्याला गाठलं तर सरळ ओलांडून जायचं. तुम्हाला कुणी ओलांडलं तर त्याच्या मागे लागायचं नाही. दर किलोमीटरला पंच उभा नसतो. त्यामुळे हा नियम बराचसा खेळाडूच्या इमानावर चालतो.

लिव्हरपूलची मंडळी आणि उंच चाकाची सायकल

अँफिल्ड बायसिकल क्लब स्थापन झाला मार्च १८७९ मध्ये. अँफिल्ड हे लिव्हरपूलमधल्या भागाचं नाव. फुटबॉल बघणाऱ्यांना ते ठाऊक असेल, कारण लिव्हरपूल संघाचं मैदान तिथंच आहे. पण लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा जन्म १८९२ चा. म्हणजे सायकलवाले फुटबॉलवाल्यांपेक्षा तेरा वर्षांनी थोरले.

तेव्हाची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढं चाक आणि मागे छोटंसं. साखळी नाही, गिअर नाही. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं. खड्डा आला की माणूस डोक्यावरून पुढे. असल्या सायकलवर ही मंडळी सुट्टीच्या दिवशी शंभर-शंभर किलोमीटर जायची.

याच क्लबच्या सदस्यांपैकी एक नाव म्हणजे जी. पी. मिल्स. १८८६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, या पोरानं उंच चाकाच्या सायकलवरून ब्रिटनचं एक टोक ते दुसरं टोक गाठलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. वेळ ५ दिवस, १ तास, ४५ मिनिटं. उंच चाकाच्या सायकलवरचा हा विक्रम मोडायला २०१९ साल उजाडावं लागलं. तब्बल १३३ वर्षं तो टिकला.

मिल्स एवढ्यावर थांबला नाही. १८९१ साली फ्रान्समध्ये बोर्दो ते पॅरिस ही सुमारे ५७० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. आयोजकांना वाटलं होतं की स्पर्धक वाटेत मुक्काम करतील. मिल्स रात्रभर सायकल चालवत राहिला आणि साडेसव्वीस तासांच्या आसपास पॅरिसला पोचला. पहिला.

हा काळ सायकलीच्या बदलाचाही होता. १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल इंग्लंडमध्ये आली. १८८८ मध्ये डनलॉपनं हवा भरायचा टायर आणला. त्याआधी टायर भरीव रबराचे असायचे. म्हणजे १८८९ मध्ये पहिली अँफिल्ड हंड्रेड झाली, तेव्हा आज आपण वापरतो ती सायकल नुकतीच घडत होती.

पण आज आपण ज्याला टाइम ट्रायल म्हणतो, ती पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. त्यासाठी एक अपघात व्हावा लागला.

एक घोडा बिथरला आणि खेळ बदलला

जुलै १८९४. लंडनच्या नॉर्थ रोड सायकलिंग क्लबची ५० मैलांची शर्यत सुरू होती. रस्त्यावरून एक बाई घोडागाडी हाकत चालली होती. सायकलवाले तिच्याजवळून भरधाव जाऊ लागले तसा घोडा बिथरला. आदळआपट झाली, स्पर्धक रस्त्यावर पडले. बाईंनी पोलिसांत तक्रार केली आणि त्या भागात शर्यतींना बंदी आली.

सायकलवाल्यांवर लोकांचा राग आधीपासूनच होता. सायकल ही तेव्हा रस्त्यावरची सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात नवी गोष्ट. आज गावातून सायलेन्सर काढलेली मोटरसायकल गेली की म्हातारी माणसं जे बोलतात, तेच तेव्हा सायकलवाल्यांना ऐकावं लागायचं. सगळ्याच सायकलवर बंदी येईल अशी भीती देशाच्या सायकल संघटनेला वाटू लागली. तिनं रस्त्यावरच्या शर्यतींना विरोध केला. शर्यत करायची तर ट्रॅकवर करा, म्हणाली.

पण ज्यांना लांब पल्ल्याचा नाद होता, त्यांचं मैदानात गोल गोल फिरून समाधान होणार नव्हतं.

मग नॉर्थ रोड क्लबच्या एफ. टी. बिडलेक यांनी तोड काढली. १८९४ च्या त्या शर्यतीत ते स्वतः होते. त्यांचा विचार साधा होता. लोकांना त्रास होतो तो घोळक्याचा. मग घोळकाच नको. प्रत्येकाला वेगवेगळं सोडा. रस्त्यावरच्या माणसाला एकटा सायकलस्वार जाताना दिसेल, शर्यत दिसणारच नाही. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी अशा पद्धतीनं ५० मैलांची शर्यत झाली. आजच्या टाइम ट्रायलचा जन्म तिथला धरतात.

थोडक्यात, टाइम ट्रायल हा बंदीतून निघालेला मार्ग होता.

पहाटेची वेळ, काळे कपडे आणि सांकेतिक नावं

पुढची कित्येक वर्षं हा खेळ जवळजवळ चोरून चालला. शर्यत भल्या पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. स्पर्धकांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे, म्हणजे नजरेत भरायला नको. अँफिल्डवाल्यांना तर ‘ब्लॅक अँफिल्डर्स’ हेच नाव पडलं. स्पर्धकांना जाणारी पत्रकं ‘खासगी आणि गोपनीय’ असायची. शर्यत कुठं होणार ते आधी छापायचं नाही. रस्त्याचं नाव थेट घ्यायचं नाही, त्यासाठी अक्षर आणि आकडा मिळून सांकेतिक खूण ठरवायची.

गंमत म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी ब्रिटनमध्ये टाइम ट्रायलच्या मार्गांना आजही असल्याच खुणा आहेत.

दुसऱ्या बाजूला, घोळक्यानं पळण्याची शर्यत ब्रिटनच्या रस्त्यांवर १९४२ पर्यंत परतलीच नाही. त्या साली पर्सी स्टॉलर्ड नावाच्या माणसानं संघटनेचा विरोध मोडून अशी शर्यत भरवली आणि त्याबद्दल त्याला संघटनेतून निलंबित व्हावं लागलं. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत ब्रिटिश रस्त्यावरची शर्यत म्हणजे टाइम ट्रायलच. म्हणून तिथं गावोगावचे क्लब याच खेळावर वाढले.

यात खरा शत्रू कोण? तर वारा

दुसऱ्याच्या मागे चालवू नका, या नियमाचं एवढं काय? तर सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद फक्त हवा बाजूला सारण्यात जाते. वेग वाढला की ही ताकद त्याच पटीत वाढत नाही, घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट ताकद लागते. ताशी ३० चे ३३ करायचे, म्हणजे वेग फक्त १० टक्क्यांनी वाढवायचा, तरी हवेसाठी ३३ टक्के जास्त ताकद लागते.

पुढच्याच्या मागे चिकटलं की हवा तो कापतो आणि मागच्याची एक चतुर्थांशाहून जास्त मेहनत वाचू शकते. घोळक्याच्या शर्यतीत हे चालतं, तो डावपेचाचाच भाग आहे. टाइम ट्रायलमध्ये ती चोरी ठरते.

म्हणूनच टाइम ट्रायलचे खेळाडू सायकलवर वाकून, हात पुढे जोडून बसतात. त्याचा फरक जगानं पाहिला तो १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये. शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. लॉरां फिन्योन ५० सेकंदांनी पुढे होता. ग्रेग लेमंडनं हात पुढे टेकवायचा नवा हँडलबार लावला, डोक्यावर हवा कापणारं हेल्मेट घातलं. फिन्योनचं डोकं उघडं, मागे शेंडी उडत होती. तीन आठवडे, तीन हजारांवर किलोमीटर चाललेली शर्यत लेमंडनं ८ सेकंदांनी जिंकली.

शेतात राबणारी बाई आणि ४४६ किलोमीटर

शंभर मैल चार तासांच्या आत होतील का, हा ब्रिटनमधल्या सायकलवाल्यांचा जुना प्रश्न होता. पहिल्या अँफिल्ड हंड्रेडनंतर ६७ वर्षांनी, १९५६ मध्ये, रे बूटीनं ३ तास ५८ मिनिटं २८ सेकंदांत ते केलं. आज विक्रम साडेतीन तासांच्याही आत आलाय.

पण या खेळातली सगळ्यात भारी गोष्ट एका बाईच्या नावावर आहे. बेरिल बर्टन. यॉर्कशरची. लहानपणी मोठ्या आजारातून उठलेली. पुढे रुबार्ब नावाच्या भाजीच्या शेतात कामाला जायची.

सप्टेंबर १९६७ मध्ये १२ तासांची टाइम ट्रायल होती. यात अंतर ठरलेलं नसतं, १२ तासांत जो जास्तीत जास्त अंतर कापेल तो जिंकतो. पुरुष आधी सुटले, बायका नंतर. पुरुषांत माइक मॅकनमारा त्या दिवशी राष्ट्रीय विक्रमाच्या वाटेवर होता. बेरिलनं एकेकाला मागे टाकत त्याला गाठलं. ओलांडताना खिशातून गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली.

मॅकनमारानं २७६.५२ मैल केले. पुरुषांचा नवा विक्रम. बेरिलनं केले २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. स्त्रीनं केलेलं अंतर पुरुषांच्या विक्रमाहून जास्त, आणि ते पुरुषांना मागे टाकता आलं १९६९ मध्ये. बायकांमध्ये तिचा विक्रम २०१७ पर्यंत, पन्नास वर्षं टिकला.

टाइम ट्रायलमध्ये संघ नसतो, डावपेच नसतो. बेरिलची कामगिरी घोळक्याच्या शर्यतीत झाकली गेली असती. कुणी म्हणालं असतं, हिला पुढच्यानं ओढत आणलं. इथं तसं म्हणायला जागा नव्हती.

मग महाराष्ट्रात काय?

सायकलचा नाद आपल्याकडेही जुना आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर जग पालथं घालायला निघाले. त्यातल्या आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ते पूर्ण केलं. सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १९२८ मध्ये ते मुंबईला परतले. ती शर्यत नव्हती, पण क्लबच्या जोरावर काय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

टाइम ट्रायलच्या जवळची, लांब पल्ल्याची वार्षिक शर्यत म्हणाल, तर ती ‘डेक्कन क्लिफहँगर’. पुणे ते गोवा, सुमारे ६४३ किलोमीटर. इन्स्पायर इंडिया ही संस्था ती २०१४ पासून भरवते. घाट चढायचे, रात्र काढायची, मागे मदतीची गाडी. एकट्यानं भाग घेणाऱ्याला दुसऱ्याच्या आडोशानं चालवता येत नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की झोपलात तरी थांबत नाही.

ही शर्यत ‘रेस अक्रॉस अमेरिका’, म्हणजे रॅम, या शर्यतीची पात्रता फेरी आहे. रॅम म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला, सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. ती पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पुरी केली. म्हणजे विदर्भाचा गडीही या यादीत आहे.

बीआरएम आणि टाइम ट्रायल एकच का?

नाही. सोशल मीडियावर यात कायम गल्लत होते. बीआरएम म्हणजे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या राइड. त्यात ठरलेल्या वेळेत पोचायचं असतं. २०० ला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. त्यात पहिला-दुसरा नसतो. सोबतीनं चालवलं, हॉटेलात थांबून मिसळ खाल्ली तरी हरकत नाही. म्हणून कुणी ‘बीआरएम जिंकली’ असं लिहिलं, तर समजावं की गडी अजून नवा आहे.

आणि मोबाइलवरच्या स्ट्राव्हावर लोक ठरावीक टप्प्यावरची आपली वेळ टाकतात, ती? तीसुद्धा एक प्रकारची टाइम ट्रायलच. फरक एवढाच की तिथं वळणावर झेंडा घेऊन उभा माणूस नसतो आणि मागून येणारा ट्रक तुम्ही विक्रमाच्या नादात आहात हे जाणत नाही. वर्दळीच्या रस्त्यावर एकट्यानं असला हट्ट करणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. ब्रिटनमध्येही वाहनांच्या वाढत्या गर्दीमुळे जुने वेगवान मार्ग सोडून द्यायची पाळी क्लबांवर आलीय. घोडागाडीवाल्या बाईंनी १८९४ मध्ये विचारलेला प्रश्न तसा सुटलेला नाही. रस्ता सगळ्यांचा, मग शर्यतीला जागा किती? तेव्हा भीती सायकलची होती, आज सायकलवाल्यालाच भीती आहे.

गावात भरवायची तर काय लागतं?

या खेळाला लागणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. रिठदसारख्या गावात वेलोड्रोम होणार नाही, घाटही आणता येणार नाही. पण पाच किलोमीटर जाऊन परत येण्याएवढा बऱ्यापैकी सरळ, कमी वर्दळीचा रस्ता निघू शकतो.

रविवारी पहाटे उजाडल्यावर लगेच सुरुवात. आधी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला कळवायचं. रस्त्यावर चुन्याची रेघ मारायची. वेळ मोजायला दोघं, म्हणजे एकाचं घड्याळ चुकलं तर दुसऱ्याचं आहे. एक वही. वळायच्या ठिकाणी आणि प्रत्येक फाट्यावर झेंडा घेतलेली माणसं. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. एक-एक मिनिटानं एकेकाला सोडायचं. शाळेची साधी सायकल वेगळ्या गटात, गिअरची वेगळ्या गटात. मुलींचा गट पहिल्या वर्षापासून.

बक्षीस नसलं तरी चालतं. वही मात्र जपून ठेवायची. कारण पुढच्या वर्षी येणारा प्रत्येक जण आधी त्या वहीत स्वतःचं नाव आणि गेल्या वर्षीची वेळ शोधतो. टाइम ट्रायलमध्ये तेच खरं आव्हान. शेजारच्याला हरवता आलं नाही तरी गेल्या वर्षीच्या स्वतःला हरवता येतं.

अँफिल्ड हंड्रेड टिकली ती यावर. मिल्ससारखे वीर पिढीत एखादेच होतात. पण दर वर्षी कुणीतरी पहाटे चारला उठून घड्याळ लावलं, कुणी वळणावर थंडीत उभं राहिलं, कुणी चहा केला, कुणी निकाल लिहून काढले. सायकल चालवून दमलेले जुने खेळाडूच पुढे ही कामं करू लागले. तालमीत वय झालेला पैलवान वस्ताद होतो, तसंच हे.

दीडशे वर्षांच्या घरात आलेल्या त्या क्लबचा अनुभव हाच आहे. शर्यत जिंकायला एक दमदार गडी पुरतो. ती दर वर्षी भरवायला मात्र रेषेवर थांबणारी दहा माणसं लागतात.